सहा नळांचं घर

मी पोचले त्या दिवशी तिथे काय काय होतं ते पहिल्याच संध्याकाळी वहीत लिहून काढलं. मुलं नऊ: सहा मुली, तीन मुलगे. सगळ्यांत मोठी नऊ वर्षांची, सगळ्यांत धाकटा अडीच. खाटा अकरा. खिडक्या चौदा, त्यांतल्या दोन न लागणाऱ्या. नळ सहा: स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात तीन, मागच्या ओट्यावर दोन. विहीर एक, चढावर, इमारतीपासून साठ मीटरांवर. मोठी माणसं दोन: माझी आत्या आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी. तात्पुरता परवाना एक, नव्वद दिवसांचा, त्यांतले एकसष्ट सरलेले. पाणी तपासणीचे अहवाल दोन, दोन्ही नापास.

शेवटच्या दोन नोंदींसाठीच मला बोलावलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मला चार महिने झाले होते आणि घरात या पदवीचा कुणाला काही उपयोग होईल असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

आत्याने तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की अनाथ मुलांसाठी एक ख्रिस्ती घर काढायचं, आणि तेही शहरात नव्हे. गावातली पोरकी मुलं उचलून शहरात नेतात, तिथे ती हरवतात, असं ती नेहमी म्हणायची. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. बाबा मात्र म्हणाले, हे हात दाखवून अवलक्षण आहे. इमारत दुसऱ्याच एका पंथाची मिळाली: गावाच्या टोकाचं छोटं दगडी प्रार्थनामंदिर. तिथली मंडळी घटत घटत चारांवर आली होती. त्या चौघांनी किल्ली आत्याच्या हातात ठेवली आणि आशीर्वाद दिला. मोठ्या दालनात खाटा लागल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधून झालं. गावाने सुरुवातीला लांबूनच पाहिलं. मुलांना बाटवणार का, असं एकाने तोंडावर विचारलं तेव्हा आत्या म्हणाली की मी आधी आंघोळ घालते, मग जेवायला घालते, मग प्रार्थनेला बसते. माझ्या शेजारी बसायचं की अंगणात खेळायचं ते मुलांनी बघावं. त्यानंतर विचारणाऱ्याच्याच घरून जुन्या गोधड्या आल्या.

सगळं जमलं होतं. फक्त पाणी जमत नव्हतं.

परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या तपासनीस बाई दोनदा येऊन नमुने घेऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू निघाले. तिसऱ्यांदा निघाले तर नियम स्पष्ट होता: मुलं हलवायची. नऊच्या नऊ एकत्र कुठेच मावणार नव्हती. मुली एका संस्थेत, मुलगे दुसऱ्या, पाच वर्षांखालची तिसऱ्या. कागदावर वाटणी अगदी सरळ दिसत होती. पण त्या नऊंत तीन भावंडं होती. मोठी बहीण नऊ वर्षांची, मधला भाऊ सात, धाकटा अडीच. ती तिघं तीन शहरांत जाणार होती.

मोठीला सगळे मास्तरीण म्हणायचे. ती रोज सकाळी घंटेच्या आधी उठून दोन्ही भावांची तोंडं धुवायची, मग बाकीच्यांना उठवायची आणि कुणी दात नीट घासले नाहीत ते आत्याला सांगायची. आत्याने तिला एकदा समजावलं की आता हे काम माझं आहे, तू झोप. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठली.

आत्याने आपल्या परीने सगळं केलं होतं. विहिरीत मोजून ब्लीचिंग पावडर टाकली होती. प्यायचं पाणी वीस मिनिटं उकळून झाकून ठेवत होती. पण परवान्याला उकळलेलं पाणी चालत नाही, नळाचं लागतं. “तीस वर्षं लोकांना हात धुवायला शिकवलं,” ती मला म्हणाली, “आणि आता माझ्याच नळाने माझं नाक कापलं.”

मी येताना तपासणीच्या चाळीस छोट्या बाटल्या आणल्या होत्या. त्यांत पाणी भरून उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते वाईट, नाही पडलं तर बरं. मी विहिरीतलं, विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीतलं आणि सहाही नळांचं पाणी भरलं, चिठ्ठ्या चिकटवल्या, खोक्यात ब्लँकेट घालून त्यात बाटल्या मांडल्या आणि खोकं चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. मावशींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, अंडी उबवतेयस का गं? त्या संध्याकाळपासून मुलं मला कोंबडीताई म्हणू लागली. पदवीपेक्षा हे नाव लवकर रुळलं.

मास्तरीण खोक्याजवळ सारखी घुटमळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, आसपास कुणी नाही असं पाहून तिने विचारलं, “काळी झाली की आम्ही जायचं का?”

मी म्हटलं की एवढ्यात नाही. या माझ्या बाटल्या आहेत, कार्यालयाच्या नाहीत.

“पण मग कार्यालयाची काळी झाली की?”

“त्याआधी ती का काळी होते हे मला शोधायचं आहे.”

तिने थोडा विचार केला. मग तिने सांगितलं की धाकट्याला झोपताना कान धरायला लागतो, दुसऱ्याचा, स्वतःचा नाही. हे तिकडच्या लोकांना सांगावं लागेल. कुठे तरी लिहून ठेव. मी वहीत लिहिलं.

अठ्ठेचाळीस तासांनी खोकं उघडलं. विहिरीची बाटली स्वच्छ. टाकीची स्वच्छ. सहाही नळांच्या बाटल्या शाईसारख्या काळ्या.

आत्या मटकन खाली बसली. मला मात्र आतून जरा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. विहीर चांगली होती. म्हणजे बिघाड साठ मीटरांत होता, आणि साठ मीटर म्हणजे काही सबंध पृथ्वी नव्हे.

ज्याने नळ जोडले होते त्या नळकाम करणाऱ्याला बोलावलं. तो भला माणूस होता, कामाला चोख, आणि स्वतःच्या पाइपांविषयी कुणी वाकडं बोललेलं त्याला खपत नसे. त्याचं म्हणणं असं की विहिरीकडून आलेला जुना लोखंडी पाइप समोरच्या भिंतीतून आत शिरतो आणि नाकासमोर जाऊन मागच्या भिंतीतून बाहेर पडतो. बाहेर पडतो तिथून पुढचं काम त्याचं, आणि ते नवंकोरं आहे. मी विचारलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशीखाली, तो पाइप काय करतो ते कुणी पाहिलंय का.

“काय करणार, ताई?” तो म्हणाला. “आत शिरतो, बाहेर येतो. मध्ये थांबून चहा पितो की काय?”

मी टाकीजवळच्या पाण्यात क्लोरिन मोजलं: लिटरला अर्धा मिलिग्रॅम. मग स्वयंपाकघरात मोजलं: काहीच नाही. साठ मीटरांत एवढं क्लोरिन कोण खात होतं? पाइपची जाडी माझ्याकडे होती, लांबी होती. गणित सोपं होतं. एवढ्या पाइपात तीस लिटर पाणी मावतं. स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला बारा लिटर देत होता. म्हणजे टाकीतून निघालेल्या पाण्याने अडीच मिनिटांत नळाला पोचायला हवं.

आत्याकडून कपड्यांना घालायच्या निळीच्या तीन बाटल्या मागून घेतल्या. वरच्या टाकीतून पाइप जिथे निघतो त्या तोंडाशी नळवाल्याने त्या ओतल्या आणि हात हलवला. खाली मास्तरीण माझं घड्याळ घेऊन उभी होती आणि बाकीची मुलं आळीपाळीने पांढऱ्या मगात पाणी धरून बघत होती. हे पाणी प्यायचं नाही, असं मी चारदा बजावलं. अडीच मिनिटं झाली. पाच झाली. नळवाला धावत खाली आला आणि नीळ कुठेय म्हणून विचारू लागला. पंधरा झाली. धाकटा कंटाळून मगात नाक बुडवायला लागला. अडतिसाव्या मिनिटाला एक मुलगी म्हणाली की आता आभाळासारखं दिसतंय. मी तो मग पांढऱ्या भिंतीपुढे धरला. निळसर होतं, पण इतकं फिकट की न सांगता कळलं नसतं.

मी ओट्यावर बसून पुन्हा भागाकार केला. नळवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. आकडा कसाही फिरवला तरी तीस लिटरांत बसत नव्हता. आणि रंग इतका फिकट पडायचा तर मध्ये कुठे तरी हजारो लिटर पाणी थांबलेलं असायला हवं. पाइप खरोखरच थांबून चहा पीत होता.

जुन्या मंडळीतल्या चौघांपैकी एकजण अजून गावात राहत होते. त्यांनी चाळीस वर्षं प्रार्थनेची घंटा वाजवली होती, म्हणून ते घंटावाले आजोबा. ते वेताच्या खुर्च्या विणायचे. मी गेले तेव्हा एका बैठकीचा शेवटचा पट्टा ओवत होते. मी विचारलं, आजोबा, विहिरीचा पाइप देवळाच्या आत गेल्यावर कुठे जातो?

“कुठे जातो म्हणजे? हौदात.”

“कुठल्या हौदात?”

त्यांचा हात थांबला. “अगं पोरी, मग बाप्तिस्मे काय वाटीतून द्यायचे?”

मी खरं ते सांगितलं. “आमच्याकडे वाटीतूनच देतात, आजोबा. कपाळावर तीन थेंब.”

त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं, जणू मी जन्मभर अर्धपोटी राहिले होते. मग सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवून काढतात. व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद होता, माणूस कमरेपर्यंत बुडेल एवढा, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला. शेवटचा बाप्तिस्मा एकतीस वर्षांपूर्वी झाला. पहिल्या पाळकांना, म्हणजे इथल्या धर्मगुरूंना, पाणी वाया गेलेलं खपत नसे, म्हणून त्यांनी हौदातून मागच्या झाडांकडे पाइप काढला होता. त्याच पाइपाला, मागच्या भिंतीबाहेर, नळवाल्याने आमचे सहा नळ जोडले होते. तुम्ही आत्याला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले की आत्याची माणसंही प्रभूचीच लेकरं, हौदाशिवाय मंदिर असतं का, हे त्यांना सांगायचं म्हणजे सुताराला करवत दाखवायची. “पण ते पाणी तुम्ही पिता?” आपलंच वाक्य संपल्यावर त्यांना कळलं, आणि ते खुर्ची तशीच टाकून माझ्याबरोबर निघाले.

व्यासपीठावर मुलांच्या पेट्या रचलेल्या होत्या. त्या हलवल्या, सतरंजी गुंडाळली. आजोबांनी बोटाने दाखवलेल्या फळीत नळवाल्याने पहार घातली. पहिली फळी निघाली तसा थंड, चिखलाचा वास वर आला. मुलं खिडक्यांत चढून बसली होती. सगळ्या फळ्या निघाल्यावर मी टेप लावला: लांबी दोन मीटर चाळीस, रुंदी दीड, पाणी एक मीटर. तीन हजार सहाशे लिटर. तळाशी बावीस सेंटिमीटर गाळ. पाणी ठरावीक पातळीला आलं की येणारा पाइप बंद करणारा तांब्याचा गोळा अजून इमानेइतबारे काम करत होता. म्हणूनच हौद एकदाही उतू गेला नव्हता आणि कुणाला संशय आला नव्हता. एका कोपऱ्यात जादा पाणी बाहेर सोडण्याचं भोक होतं, त्यावरची जाळी कधीच कुजून गेली होती. तिथून बागेतलं काय वाटेल ते आत येऊ शकत होतं, आणि आलं होतं. बेडूक सात मोजले.

नळवाला काठावर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला वाटलं आत्या आता त्याला फाडून खाणार. ती एका पेटीवर बसली, हौदाकडे बघत राहिली आणि तिचे खांदे हलू लागले. मी घाबरून जवळ गेले तर ती हसत होती.

“दोन महिने,” ती डोळे पुसत म्हणाली, “रोज संध्याकाळी या फळ्यांवर बसून मी मागतेय, प्रभू, आमचं पाणी शुद्ध कर. तो म्हणत असेल, बाई, आधी उठ तरी तिथून.”

मग आजोबा हसले, मग मावशी. नळवाला अजून हसायला धजत नव्हता. मुलांनी बेडूक मारायला काठ्या आणल्या तेव्हा तो उठला आणि हात आडवा करून म्हणाला, “यांना हात लावू नका रे. हे बाप्तिस्मा झालेले आहेत.” आत्याने त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. बेडूक बादलीत घालून मुलांनी शेताच्या बांधापर्यंत पोचवले. मास्तरीण पुढे, बादली मध्ये, बाकीची मागे.

नंतरचे तीन दिवस मला फार आवडले. कारण कळलं होतं, आणि उरलं होतं ते नुसतं काम. नळवाला सकाळी सहाला यायचा. त्याने नवा पाइप इमारतीच्या बाहेरून वळसा घालून आणला, एक इंचही जमिनीखाली न लपवता, सगळा उघडा. आता कुणीही बघून घ्या, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. गावातली चार माणसं घमेली घेऊन गाळ काढायला आली, त्यांत बाटवण्याची चौकशी करणाराही होता. हौद बुजवावा असं मावशींचं मत पडलं. आजोबा नुसते हौदाच्या पायरीवर जाऊन बसले. आत्या म्हणाली, राहू दे. हौद घासून कोरडा केला, भोकाला सिमेंट लावलं, फळ्या परत बसवल्या. आजोबा दिवस मावळेपर्यंत प्रत्येक फळीवर पाय देऊन ती हलत नाही ना ते बघत होते.

नव्या पाइपात रात्रभर तीव्र क्लोरिनचं पाणी भरून ठेवलं, सकाळी तासभर वाहू दिलं. स्वयंपाकघराचा नळ आता मिनिटाला सव्वीस लिटर देत होता. मावशींनी पहिल्यांदा सोडला तेव्हा साडी भिजवून घेतली आणि नळवाल्याला दारातूनच चार शब्द सुनावले. तो खूश झाला.

पुन्हा आठ बाटल्या, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा चुलीजवळचा कोपरा. या खेपेला कुणी अंड्यांचा विषय काढला नाही. मुलं खोक्याला वळसा घालून जात होती. आत्याने शेवटच्या दिवशी तीनदा तीच चादर धुतली. मी ठरवलं होतं की अठ्ठेचाळीस तास पुरे झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि नाही उघडलं, पण दुपारी चारपासून मी खोक्याशेजारीच बसून होते हे खरं.

आठही बाटल्या स्वच्छ. मी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि आत्याच्या हातात दिली. तिने त्या परत एकदा धरल्या. मग ती आत गेली, खाटेवर आडवी झाली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत झोपली. मावशींनी मुलांना गप्प केलं, तेही कुजबुजत.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, मुलं उठली, आणि मास्तरीण झोपलेलीच. आत्याने धाकट्याचं तोंड धुतलं. मधल्याने स्वतःचं धुतलं आणि बहिणीला उठवायला निघाला, तर आत्याने त्याला खांद्याला धरून वळवलं. ती सव्वाआठला उठली, गोंधळून बाहेर आली आणि मला उठवलं का नाही म्हणून सगळ्यांवर चिडली. नंतर तिने माझी वही मागितली. कानाची ओळ शोधून त्यावर स्वतःच काट मारली. मी म्हटलं, अजून कार्यालयाचा अहवाल यायचा आहे, थांब. तिने काट तशीच ठेवली.

त्याच दिवशी तपासनीस बाई आल्या. नवा पाइप त्यांनी विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत चालत पाहिला, फळ्या उघडायला लावून हौद पाहिला, आणि आपल्या बाटलीत आपल्या हाताने पाणी भरलं. आत्याने सगळी हकिकत सांगितली, वाटीसकट. बाई हसल्या नाहीत. जाताना गाडीचं दार धरून म्हणाल्या, “मुलं हलवायचे कागद मीच तयार करते. तीन भावंडांचे तर तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. या खेपेला लिहायलाच घेतलेले नाहीत.”

अहवाल चार दिवसांनी टपालाने आला. आत्याचा चष्मा डोक्यावर होता आणि ती तो टेबलावर शोधत होती. पाकीट तिने माझ्याकडे न देता मास्तरणीकडे दिलं. मास्तरीण व्यासपीठाच्या कडेला उभी राहिली, दोन्ही भावांना समोर बसवलं आणि धडा वाचावा तसं वाचलं, आकडेसुद्धा अक्षरी:

नमुन्याचं ठिकाण, स्वयंपाकघरातला नळ. उरलेलं क्लोरिन, लिटरला शून्य दशांश चार मिलिग्रॅम. कोलिफॉर्म जीवाणू, दर शंभर मिलिलिटरला, शून्य.